दोन रिकामी घरं

“बुवा, तुम्हाला तरी येईल ना?”

निरंजनबुवांनी पुढ्यातली फुलांची पुडी बाजूला सारली.

मठात फुलांच्या पुड्या ज्या वर्तमानपत्रात बांधून येत, त्यातलं शब्दकोडं सोडवणं हा बुवांचा एकुलता एक षौक. पुडी फाटून अर्धे प्रश्न गेलेले असले तरी उत्तरं भरत. त्यांना अडलेला शब्द पंचक्रोशीत कुणी पाहिला नव्हता.

समोर बसलेला मकरंद खासनीस कॉलेजात भाषाशास्त्र शिकवायचा. शहाणपण नुसतं उतू चाललेलं. आल्याआल्या त्यानं बुवांना ऐकवलं, की ‘माहेर’ म्हणजे ‘मातृगृह’ झिजून झालेला शब्द. बुवा म्हणाले, बरं.

मकरंदच्या हातात घड्या पडून पडून मऊ झालेला एक कागद होता. त्याचे वडील, अण्णा, एका साप्ताहिकासाठी कोडी रचायचे. हे शेवटचं, छापायचं राहून गेलेलं. मकरंदनं जवळजवळ सगळं सोडवलं होतं. कुठे शब्द उलटा वाचायचा, कुठे दोन शब्द जोडायचे, अण्णांच्या साऱ्या खोड्या त्याला पाठ. अडलं होतं एकच.

‘माणूस गेला, की येते. चार अक्षरे.’

पहिलं अक्षर आ, शेवटचं ण. मधली दोन घरं रिकामी.

आता हे तुम्हाआम्हालासुद्धा येईल. बऱ्याच जणांनी त्याला सांगितलंही होतं, आणि जो सांगेल त्याच्याशी हा पठ्ठ्या भांडून आला होता. अण्णा इतकं सोपं घालणारच नाहीत म्हणे. काहीतरी खोच असणार, व्युत्पत्ती बघायला हवी. कोश पालथे घातले, माणसं दुखावली, पण उत्तर काही मान्य केलं नाही.

बुवांनी कागद मांडीवर घेतला. बराच वेळ पाहिला...

“अण्णा कसं विचारायचे? तसं वाच.”

मकरंद वाचू लागला. ‘माणूस गेला’पाशी त्याचा आवाज खाली आला. अण्णा प्रश्न टाकून असेच थांबायचे, चहाचा घोट घेत. पुढचं त्याला वाचवेना.

बुवांनी कानावर खोचलेली पेन्सिल काढली. टोक रिकाम्या घरावर टेकणार, तोच मकरंदचा हात कागदावर आडवा पडला.

“नको.”

बुवांनी पेन्सिल मागे घेतली.

“हे भरलं ना बुवा, की अण्णांनी मला विचारलेलं काही उरत नाही.”

एवढं बोलून तो रडला. त्याला अण्णा हवे होते, दुसरं काही नको होतं.

बुवांनी पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. कागदाची घडी घातली आणि त्याच्या खिशात सारली.

“मला नाही येत, लेका. पुढच्या गुरुवारी परत घेऊन ये... तेव्हाही नाही येणार.”