हेमलताबाईंनी पाडलेला उजेड

मच्छीमार सोसायटीच्या निवडणुकीच्या सकाळी कार्यालयातला कॉम्प्युटर लावला, तर पडदा काळाकुट्ट! मतदारांची यादी त्यातच होती आणि अजून छापायची राहिली होती. दारात दोनशे सभासद मतदानाला येऊन उभे होते. वीस वर्षं खुर्चीवर ठाण मांडून बसलेले चेअरमन जनार्दन नाखवा मनातून सुखावले, कारण यंदा आपण पडणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"यादी गेली! निवडणूक रद्द," त्यांनी जाहीर करून टाकलं.

कारकून हेमलता तांडेल पुढे झाल्या. वायरी काढून त्यांनी पुन्हा घट्ट बसवल्या, तरी पडदा काळाच. मॉनिटरच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका मात्र लागलेला होता, म्हणजे यंत्र जिवंत होतं. त्या वाकून बघू लागल्या.

चेअरमन सगळ्यांना ऐकू जाईल असं हसले. "अहो बाई, तुम्ही काय उजेड पाडणार?"

"उजेडच पाडते, साहेब," म्हणत हेमलताबाईंनी मोबाईलची बॅटरी लावली आणि झोत पडद्यावर तिरका धरला.

काळ्या काचेत फिकट अक्षरं दिसू लागली. मॉनिटरच्या आतला दिवा तेवढा गेला होता, चित्र जागच्या जागी होतं! झोत सरकवत त्यांनी यादी शोधली आणि छापायला दिली. प्रिंटर कुरकुरला.

"असलं अंधुक कायद्यात चालतं का?" चेअरमन घाम पुसत म्हणाले.

निवडणूक अधिकाऱ्याने कागद उचलून पाहिला. "छापलंय चांगलं ठळक. चला, रांग लावा."

दोनशे माणसं हसत रांगेला लागली, आणि संध्याकाळी नाखवांची खुर्ची गेली.