दुर्बीण, दोन कड्या आणि जुनी सळई

फार वर्षांपूर्वी हत्यारं बोलत असत, आणि साहेबलोकांपेक्षा खरं बोलत. तेव्हा एका नेमबाजी क्लबातल्या रायफलीची गोळी रोज हातभर उजवीकडे जाई. रायफलीवर दुर्बीण होती, दोन कड्यांनी आवळून बसवलेली. दोष अर्थातच दुर्बिणीचा ठरला.

"डावीकडे बघ की गं जरा!" पुढची कडी खेकसली.

"किती बघू? माझा स्क्रू शेवटापर्यंत फिरलाय. तुम्ही दोघी मला पिळताय."

"आम्ही? आम्ही चकचकीत आहोत!" मागची फणकारली. "आज चुकलीस की भंगारात. आधीच्या तिघी दुर्बिणी गेल्याच."

"एकदा मला दोघींतून जाऊ द्या," हत्यारपेटीतली जुनी सळई म्हणाली.

"ही म्हातारी आमची चौकशी करणार?"

पण क्लबाची हत्यारं दुरुस्त करणाऱ्या अंतोन मिस्त्रीने ते ऐकलं. त्याने दुर्बीण उतरवली आणि सळई कड्यांत घातली. पुढच्या कडीतून ती सरळ गेली आणि मागचीच्या कडेवर ठणकन आपटली. मागच्या कडीच्या बुडाशी वाळलेल्या रंगाचा खडा होता, त्यामुळे ती तिरकी बसली होती. मिस्त्रीने तो खरवडला, दुर्बिणीचा स्क्रू मध्यावर आणला आणि दोन्ही कड्या आळीपाळीने थोड्याथोड्या आवळल्या. पुढची गोळी बरोबर मधोमध लागली.

संध्याकाळी क्लबाने सत्कार केला. कड्यांचा, दुर्बिणीला सांभाळून घेतल्याबद्दल.

"हार राहू द्या," दुर्बीण म्हणाली. "आधी त्या तिघींना भंगारातून काढा."

"त्यासाठी समिती नेमावी लागेल," हार सावरत कड्या म्हणाल्या. "आम्ही दोघी बसतो ना तिच्यावर."