शिंपीण अंडं सोडत नाही

एक होती शिंपीण. अंगठ्याएवढं पाखरू. शेपटी मात्र ताठ. चोचीत कापसाचा धागा धरायची, दोन पानं शिवायची, की झालं घरटं. घरट्यात एकच अंडं.

एकदा टर्रकन टाका उसवला. अंडं गवतावर पडलं. गड गड गड, थेट कोंबडीच्या टोपलीत. कोंबडी बसली होती रवणावर, अंडी उबवत. रवणावरच्या कोंबडीला काय, बटाटा दिला तरी उबवेल. तिनं अंडं पोटाखाली ओढलं.

"कोंबडीताई, माझं अंडं दे."

"पोटाखाली आलं ते माझं. मी उठत नाही, जा."

"जाते. पण अंडं सोडत नाही."

भुर्र भुर्र, टुण टुण. शिंपीण गेली अजगरिणीकडे.

"अजगरीणबाई, कोंबडीला उठव. कोंबडी अंडं देईना."

"माझ्या अंड्यांना वेटोळं घातलंय. मी सुटत नाही, जा."

"जाते. पण अंडं सोडत नाही."

भुर्र भुर्र, टुण टुण. शिंपीण गेली लांडोरीकडे.

"लांडोरबाई, अजगरिणीला टोच. अजगरीण कोंबडीला उठवेना, कोंबडी अंडं देईना."

"गवतात अंडी घेऊन बसलेय. मी हलत नाही, जा."

"जाते. पण अंडं सोडत नाही."

वाटेत भेटली कासवीण. म्हणाली, "अगं, अंडी वाळूत पुरावीत आणि चालू लागावं. ऊन उबवतं. एवढी धावपळ कशाला?"

"तुझी तऱ्हा तुला, माझी मला," शिंपीण म्हणाली. तिला रागच आला.

भुर्र भुर्र, टुण टुण. शिंपीण गेली मुंगीकडे.

"मुंगीताई, लांडोरीला चाव. लांडोर अजगरिणीला टोचेना, अजगरीण कोंबडीला उठवेना, कोंबडी अंडं देईना."

"माझ्या तोंडात अंडं आहे. चावू कशानं? आधी हे ठेवायला जागा दे."

शिंपिणीनं पान ओढलं. धागा घेतला. टुच टुच टुच. पिशवी शिवली. मुंगीनं अंडं आत ठेवलं. तोंड झालं मोकळं.

"चल, कुठंय ती लांडोर?"

मुंगी लांडोरीच्या पायावर चढली.

"नको नको, चावू नको. मी टोचते."

लांडोरीनं चोच पुढे केली.

"नको नको, टोचू नको. मी उठवते."

अजगरिणीनं मान वर केली. फुस्स.

"नको नको, फुसफुसू नको. मी उठते."

कोंबडी उठली. खाली सात मोठी अंडी, एक इवलंसं. शिंपिणीनं इवलंसं उचललं.

"ऊब मी दिली," कोंबडी पुटपुटली.

"दिलीस, बरं केलंस. पण अंडं माझं."

शिंपिणीनं घरटं पुन्हा शिवलं. टाके घातले दुहेरी. अंड्यावर बसली, बसली, बसली. एक दिवस टक् टक्, फट्. पिल्लू आलं बाहेर. उघडं नागडं, डोळे मिटलेले. चोच मात्र ही एवढी उघडी.

खालून कोंबडी म्हणाली, "पाठव त्याला खाली. दाणे टिपायला शिकवते."

पिल्लू खाली बघेचना. शिंपिणीनं अळी आणली, त्याच्या चोचीत भरवली. पिल्लू म्हणालं, "अजून."

पिल्लाचा घास झाला. आता तुमचा. आ करा बघू.