ठकूबाईचं बटण

शाळेसमोर बोरं विकणाऱ्या ठकूबाईनं सिग्नलच्या खांबावरचं नवं बटण दाबलं. थोड्या वेळानं गाड्यांपुढे आधी पिवळा, मग लाल दिवा लागला, तिच्यासमोर हिरवा चालता माणूस उजळला आणि अख्खा रस्ता जागच्या जागी थबकला. एका बोटाची केवढी ही ताकद! टोपली डोक्यावर घेऊन ती भारावल्यासारखी निघाली.

तोच थांबलेल्या गाडीतून आमदार गरजले, "आमची गाडी अडवतेस? उद्याच हे बटण काढायला लावतो!"

ठकूबाई पांढऱ्या पट्ट्यांवरच थांबली. "काढा की साहेब! चार निवडणुका तुमच्या नावापुढचं बटण दाबलं, पण काही हाललं नाही. दाबल्यावर काम होतं, असं हे पहिलंच बटण बघितलं."

आमदारांनी काच वर केली. दिवा अजून लालच होता.