तांबट आणि पुटपुटणारी मुलगी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगून सांगून माझं तोंड दुखलं, पण ऐकतंय कोण? म्हणून पुन्हा सांगतो.

एका गावात एक तांबट होता. तांब्याचा पत्रा ठोकून हंडे-घागरी घडवायचा. सकाळी हातोडा उचलला की दिवस मावळेपर्यंत नुसती ठणठण. त्या गावच्या तांबटांची एक भलतीच समजूत होती. काम थांबल्यावरही ज्याच्या कानात ठोके वाजत राहतात, तोच पक्का कारागीर. आता या अकलेला काय म्हणावं?

बायको रोज मेण लावलेला कापूस पुढे करायची. "अहो, घाला हे. कान आहेत ते, ऐरण नव्हे."

"कापूस नवशिक्यांनी घालावा," असं म्हणून तो बोळे बाजूला सारायचा.

अशी वीस वर्षं गेली. त्याची मुलगी सात वर्षांची झाली. ती काही सांगायला आली की हा खेकसायचा, "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस? नीट बोल." पोर पुन्हा सांगायची, हा पुन्हा खेकसायचा. शेवटी तिने बाबांशी बोलणंच सोडलं.

मग मात्र त्याचा जीव कासावीस झाला. एकुलती एक पोर ती. तिला घेऊन तो वैद्यबुवांकडे गेला आणि म्हणाला, "हिच्या जिभेला काहीतरी औषध द्या."

वैद्यबुवा अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. "बाळ, आज काय खाल्लंस?" मुलीने सांगितलं. "काय म्हणाली रे?" त्यांनी तांबटाला विचारलं. "तेच तर, नुसती पुटपुटली," तांबट म्हणाला.

"अरे शहाण्या, 'भाकरी आणि गूळ' हे मला इथवर ऐकू आलं. तू तर तिच्या शेजारी बसलायस. जीभ ठणठणीत आहे तिची. गेलेत ते तुझे कान."

"पण पाटलांचं बोलणं मला स्वच्छ ऐकू येतं."

"येणारच. ठोक्यांनी आधी बारीक आवाज जातात. चिमण्यांचे, पोरांचे. जाडे आवाज मागे राहतात, म्हणून तुम्हाला वाटतं की सगळं ठीक आहे. किती वेळा डोकं फोडायचं तुम्हा लोकांपुढे?"

"मग माझ्या कानांना औषध द्या."

"या दुखण्याला औषध नाही. उरलंय तेवढं सांभाळ."

दुसऱ्या दिवसापासून तांबट कानात बोळे घालून कामाला बसू लागला. पण मुलीची सवय काही सुटली नाही. बाबांना सांगायचं ते ती आईला सांगायची, आणि आई ते मोठ्याने बाबांना सांगायची. तांबटाला फार वाईट वाटायचं. पण करणार काय?

बोध एवढाच, की गेलेला कान परत येत नाही. तो शाबूत आहे तोवरच जपावा.