ताम्रवतीचा डोंगर

ताम्रवती नगरीवर भद्रसेन राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व तिथे वनरक्षक होऊन जन्मले होते. त्यांचे नाव विरज. नगरीमागच्या डोंगरावरचे झाडन्‌झाड त्यांच्या ओळखीचे होते. पायथ्याशी तांब्याच्या भट्ट्या होत्या आणि त्यांना लागूनच भट्टीवर राबणाऱ्यांची वस्ती.

भट्ट्यांना लाकडाचा कोळसा लागे. पाच वर्षांत उतारावरचे सारे रान तुटले. मातीत उरलेली मुळेही कुजली. मग एका वर्षी पाऊस थांबेचना. विरज डोंगर चढून गेले, तर जमिनीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

त्यांनी दरबारात सांगितले, "महाराज, डोंगर सुटतो आहे. वस्ती हलवा."

भट्ट्यांचा अधिकारी रोहक म्हणाला, "वस्ती हलली की भट्ट्या विझतील. विरज, लोक तुझा शब्द मानतात. धोका नाही एवढेच त्यांना सांग. महाराज तुला अमात्य करतील."

राजा काही बोलला नाही.

"मी तसे सांगितले तर ती माणसे माझ्या भरवशावर मरतील," असे म्हणून विरजांनी अधिकाराची मुद्रा राजापुढे ठेवली आणि ते वस्तीत गेले.

ते दारोदार फिरले. थोडी कुटुंबे निघाली. पण जाईल त्याला पुन्हा काम मिळणार नाही, असे रोहकाने बजावले होते. भाता ओढणारी म्हातारी चंपा म्हणाली, "बाबा, तुमचं खरं असेल. पण डोंगर कधी पडेल कुणास ठाऊक. चूल मात्र उद्याच विझेल."

चौथ्या दिवशी सकाळी भर पावसात वस्तीचा झरा आटला. डोंगराच्या पोटात माती सरकली, हे विरजांनी ओळखले. त्यांनी हाका मारल्या. आता धावता येईल ते सगळेच धावले. भट्टीची भिंत ढासळून रोहकाचा पाय तिच्याखाली अडकला होता. विरज मागे फिरले. दगड हटवून त्यांनी रोहकाला बाहेर ढकलले, तेवढ्यात डोंगर खाली आला. विरज गेले, चंपा गेली, धावता न येणारी कितीतरी माणसे गेली.

रोहक तीन दिवस हातांनी चिखल उपसत होता. जिवंत कुणीच सापडले नाही.

एवढी कथा सांगून भगवान शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा भद्रसेन म्हणजे त्या वडाखाली मौन धरून बसलेला तापस. रोहक म्हणजे विहारातल्या रोपांना पाणी घालणारा भिक्षू सुनंद. चंपा म्हणजे आज आपल्याला भिक्षा वाढणारी उपासिका, आणि विरज मीच होतो. सत्य सांगितल्याने सगळे वाचतातच असे नाही. तरी जो आपल्या शब्दावर विसंबतो, त्याला खोटे सांगू नये. हीच सत्यपारमिता."