न उठवलेल्या पेशी

"पण झोपलेल्या पेशी जास्त टिकतील कशा, सर? हे शक्यच नाही. फरीदाने पेशींच्या डब्या बदलल्या आहेत."

डॉ. अनुजा उजगरे विहाराच्या ओट्यावर बसली होती. समोर भन्ते सुमेध. चीवर घेण्याआधी ते रक्तविकारतज्ज्ञ होते. अनुजा आणि फरीदा, दोघी त्यांच्याच विद्यार्थिनी.

अनुजाने तक्रारअर्ज पुढे सरकवला. प्रयोगशाळेत अजूनही त्यांचा शब्द अंतिम होता; त्यांची सही झाली की फरीदाचं तिथलं पद जाणार होतं.

भन्तेंनी अर्ज घेतला नाही.

"तू काय केलंस?"

"माणसाच्या रक्ताच्या मूळ पेशी घेतल्या. त्या वर्षानुवर्षं हाडांतल्या मज्जेत नुसत्या झोपून असतात. विभाजनाच्या चक्राला लगाम घालणारी प्रथिनं असतात ना, ती मी औषधाने बंद केली. पेशी जाग्या झाल्या. दोन आठवड्यांत डबी भरली."

"मग?"

"उंदरांत सोडल्या. दोन महिने उत्तम रक्त बनलं. चौथ्या महिन्यात..."

"संपलं."

अनुजाने चमकून पाहिलं. यांना कुणी सांगितलं? फरीदा आधीच येऊन गेली की काय?

"फरीदाने काय केलं?"

"काहीच नाही. थोड्या पेशी औषध न घालता, तशाच झोपलेल्या उंदरांत सोडल्या. तिच्या उंदरांत माणसाचं रक्त अजून बनतंय."

"तिने त्या का नाही उठवल्या?"

"विचारलं नाही मी."

भन्तेंनी डोळे मिटले.

बराच वेळ गेला... उन्हं ओट्यावरून उतरली. अनुजाच्या मनात येत राहिलं, हे मुद्दाम टाळताहेत. फरीदा पहिल्यापासून यांची लाडकी. नाहीतर खरंच डोळा लागला असेल. गेल्या महिन्यातल्या तापाने ते निम्मे झाले होते.

तिने त्यांना हलवायला हात पुढे केला. त्यांच्या मनगटाची हाडं दिसली. श्वास संथ चालला होता.

हात तसाच राहिला.

"उठवत का नाहीस?" मिटल्या डोळ्यांनी भन्ते म्हणाले.

ती दचकली. "मला वाटलं, झोपलात."

"आणि ढोंग असेल तर? संशय आला होता ना?"

"आला होता."

"मग?"

"...खरंच झोपला असाल, तर मोडायला नको वाटलं."

भन्तेंनी डोळे उघडले. अर्ज उचलला, तिच्याकडचं पेन मागून घेतलं.

"सही कुठे करू?"

अनुजाने कागदाकडे पाहिलं. जागा ठळक आखलेली होती. तिला बोट ठेवता येईना.

"सर, तुम्ही तर आम्हाला सगळ्या पेशी जाग्या करायला शिकवलंत."

"हो," भन्ते म्हणाले. त्यांनी पेन परत केलं. "उठवायला मी शिकवलं, आणि उठवलेल्या सगळ्या चौथ्या महिन्यात दमून संपल्या. आता न उठवायला फरीदाकडून शीक."